कामगार दिनाच्या आठवड्यातील कॅनेडियन फुटबॉल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कॅनडात कामगार दिनाची सुट्टी असते आणि त्या सोमवारच्या आगेमागे कॅनेडियन फुटबॉल लीगचे, म्हणजे सीएफएलचे, जे सामने होतात त्यांवर इथला चाहता पुढे पंधरा दिवस बोलत राहतो. मी रेजायना शहरात राहतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी इथे नव्याने आलेली मराठी मंडळी, आणि त्यांच्यामुळे या खेळाची गोडी लागलेले भारतातले नातेवाईक, दरवर्षी ऑगस्ट संपत आला की मला जवळपास तेच प्रश्न पाठवतात. ती उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत, या हेतूने हे पान तयार केले आहे. येथे दिलेले नियम २०२५ च्या हंगामातले आहेत. त्यानंतरच्या बदलांविषयी प्रश्न १५ पाहावा.

१. हा फुटबॉल म्हणजे नेमका कोणता खेळ? अमेरिकेतल्या एनएफएलसारखाच ना?

हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे, फेकायचे आणि प्रतिस्पर्ध्याच्या टोकाकडच्या पट्ट्यात, म्हणजे एन्ड झोनमध्ये, पोहोचवायचे, असा हा खेळ आहे. अमेरिकेतल्या खेळाशी त्याचे जवळचे नाते आहे. पण त्याला त्याची नक्कल म्हणणे चुकीचे आहे, कारण कॅनडातील या खेळाचा करंडक, ग्रे कप, १९०९ पासून दिला जातो आणि सीएफएल ही लीग आजच्या नावाने १९५८ पासून चालू आहे.

फरक लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद असते, म्हणजे अमेरिकेतल्या मैदानापेक्षा लांबही आणि रुंदही. प्रत्येक बाजूला अकरा नव्हे, बारा खेळाडू असतात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार नव्हे, तीनच प्रयत्न मिळतात. या प्रयत्नांना 'डाउन' म्हणतात. पहिल्या प्रयत्नात दोनच यार्ड मिळाले, तर दुसऱ्या प्रयत्नात बहुधा चेंडू फेकावाच लागतो आणि तो फसला की तिसऱ्याला लाथ मारून चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. त्यामुळे चेंडू सतत या बाजूकडून त्या बाजूकडे जातो आणि लाथ मारणाऱ्या खेळाडूला, म्हणजे किकरला, इथे मोठी किंमत असते.

२. वीस-एकवीस आठवड्यांच्या हंगामात याच आठवड्याचे एवढे कौतुक का?

एक कारण भूगोलाचे आहे. या आठवड्यात शेजारी शेजाऱ्याशी खेळतो. हॅमिल्टन आणि टोरोंटो ही शहरे एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. कॅलगरी आणि एडमंटन एकाच प्रांतात, सुमारे तीनशे किलोमीटरवर. रेजायना आणि विनिपेग यांच्यात जवळपास पावणेसहाशे किलोमीटर सपाट गव्हाळ प्रदेश असला, तरी मध्ये दुसरा कोणताही व्यावसायिक संघ नसल्याने ते शेजारीच ठरतात. एकाच घरात, एकाच कार्यालयात दोन्ही संघांचे चाहते असतात.

दुसरे कारण हंगामाचे. अलीकडच्या वेळापत्रकांत हा तेरावा आठवडा असतो, म्हणजे निम्म्याहून अधिक सामने झालेले असतात. जूनमधल्या पराभवावर 'अजून वेळ आहे' असे म्हणता येते. सप्टेंबरमध्ये तसे म्हणणाऱ्याला गुणतक्ता काढून दाखवावा लागतो.

३. या आठवड्यात कोण कोणाशी खेळते? आणि एक संघ दिसतच नाही, तो कुठे गेला?

तीन लढती परंपरेने ठरलेल्या आहेत. रविवारी रेजायनात सस्कॅचेवन रफरायडर्स हे विनिपेग ब्लू बॉम्बर्सचे यजमान असतात. सोमवारी हॅमिल्टन टायगर-कॅट्स टोरोंटो आर्गोनॉट्सना आणि कॅलगरी स्टॅम्पीडर्स एडमंटन एल्क्सना आपल्या मैदानावर बोलावतात. उरलेल्या तीन संघांपैकी, म्हणजे मॉन्ट्रियल अलुएट्स, ओटावा रेडब्लॅक्स आणि व्हँकुव्हरचे बीसी लायन्स यांपैकी, साधारणतः दोन संघ एकमेकांशी खेळतात.

लीगमध्ये नऊ संघ आहेत. विषम संख्येमुळे दर आठवड्याला निदान एक संघ रिकामा राहतोच. प्रत्येक संघाला एकवीस आठवड्यांत अठरा सामने खेळायचे असल्याने तीन आठवडे विश्रांती मिळते आणि ही विश्रांती कधी आली यावरही चाहते तावातावाने बोलतात, कारण दमलेल्या संघापुढे पंधरा दिवस ताजातवाना झालेला संघ उभा राहिला तर फरक पडतो.

४. सामने भारतातून पाहायचे तर घड्याळाचा हिशेब कसा करावा?

हॅमिल्टन आणि टोरोंटो यांच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवावेत, विनिपेगच्या वेळेत साडेदहा, कॅलगरी आणि एडमंटनच्या वेळेत साडेअकरा, आणि व्हँकुव्हरच्या वेळेत साडेबारा. घोळ होतो तो रेजायनाचा. सस्कॅचेवन प्रांतात बहुतेक ठिकाणी घड्याळे उन्हाळ्यासाठी पुढे केली जात नाहीत, त्यामुळे नकाशात विनिपेगजवळ वाटणारी रेजायना उन्हाळ्यात कॅलगरीच्या वेळेवर चालते. म्हणजे रेजायनात संध्याकाळी ५ वाजता सुरू होणारा रविवारचा सामना भारतात सोमवारी पहाटे ४.३० ला लागतो.

कॅनडात हे सामने टीएसएन वाहिनीवर आणि फ्रेंच भाषेत आरडीएसवर दाखवले जातात. कॅनडाबाहेरच्या प्रेक्षकांसाठी २०२५ पर्यंत लीगची सीएफएल प्लस ही ऑनलाइन सेवा होती.

५. गुण कसे मोजतात? आणि फील्ड गोल चुकूनही एक गुण मिळतो, हे खरे आहे का?

चेंडू घेऊन एन्ड झोनमध्ये पोहोचल्यास टचडाउनचे ६ गुण मिळतात. त्यानंतर जोड म्हणून गोलच्या खांबांमधून लाथ मारून १ किंवा पुन्हा एन्ड झोन गाठून २ गुण घेता येतात. मैदानातून थेट खांबांमध्ये लाथ मारली तर फील्ड गोलचे ३ गुण आणि समोरच्या संघाला त्याच्याच एन्ड झोनमध्ये चेंडूसह अडवल्यास २ गुण मिळतात.

एका गुणाची गोष्ट खरी आहे. त्याला 'रूज' म्हणतात आणि ही या खेळाची खास कॅनेडियन खूण आहे. लाथ मारलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या एन्ड झोनमध्ये गेला आणि त्याला तो तिथून बाहेर आणता आला नाही, तर लाथ मारणाऱ्या संघाला एक गुण मिळतो. २०२५ पर्यंतच्या नियमानुसार चुकलेला फील्ड गोल एन्ड झोनच्या पलीकडे मैदानाबाहेर गेला तरी तो गुण मिळत असे.

नव्या प्रेक्षकाला हे 'चुकल्याचे बक्षीस' वाटते. मला ते मान्य नाही. वीस यार्ड खोल एन्ड झोनमध्ये समोरच्या संघाला इतके मागे ढकलणे हेच कसब आहे आणि चेंडू स्वीकारणाऱ्याला तो घेऊन पळावे की गुडघा टेकून एक गुण देऊन टाकावा, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. बरोबरीतल्या सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत चेंडू हवेत असताना ३०,००० माणसे एकदम उभी राहतात, ती त्या एका गुणासाठी. २०१४ च्या कामगार दिनी हॅमिल्टनमध्ये नवे स्टेडियम सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्याच सामन्यात घरच्या संघाने टोरोंटोला १३–१२ असे हरवले होते. एका गुणाचे वजन इथल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही.

६. आपला संघ जिंकला, तरी जुने चाहते 'अजून अर्धेच झाले' असे का म्हणतात?

कारण पुढच्याच आठवड्यात बहुधा तेच दोन संघ दुसऱ्याच्या मैदानावर पुन्हा भेटतात. एडमंटन कॅलगरीला परतभेटीला बोलावते, विनिपेग सस्कॅचेवनला. म्हणून या आठवड्यातल्या चर्चेत 'जिंकलो की हरलो' याइतकाच 'किती गुणांनी' हा प्रश्न असतो.

२०२३ चे उदाहरण अजून कोणी विसरलेले नाही. ३ सप्टेंबरला रेजायनात सस्कॅचेवनने विनिपेगला जादा वेळेत ३२–३० असे हरवले. शहरभर गाड्यांचे भोंगे वाजत होते. बरोबर सहा दिवसांनी विनिपेगमध्ये तोच संघ ५१–६ असा हरला. दोन्ही सामने एकत्र धरले, तर रेजायनाचा आनंद दोन गुणांचा होता आणि विनिपेगचा पंचेचाळीस. पहिल्या सामन्यानंतर जो कोणी 'आता विनिपेग संपले' असे बोलला होता, त्याला ते वाक्य वर्षभर ऐकून घ्यावे लागले.

माझे नव्या चाहत्यांना एवढेच सांगणे असते की, या आठवड्याच्या निकालावर मत द्यायचे ते परतभेट होईपर्यंत पेन्सिलीने लिहावे.

७. विनिपेगमधल्या परतभेटीला 'बॅन्जो बोल' हे विचित्र नाव कसे पडले?

२००३ च्या बाद फेरीतील सामन्याआधी विनिपेगचा किकर ट्रॉय वेस्टवुड याने सस्कॅचेवनच्या लोकांची बॅन्जो वाजवणारे गावंढळ अशा अर्थाने हेटाळणी केली. मोठा गदारोळ झाला. मग दिलगिरी व्यक्त करताना तो म्हणाला की, सस्कॅचेवनमधल्या बहुसंख्य लोकांना बॅन्जो वाजवताच येत नाही. या दिलगिरीने आग विझण्याऐवजी भडकली आणि २००४ पासून सप्टेंबरमधल्या त्या परतभेटीला हेच नाव चिकटले. आज रेजायनातले चाहते स्वतःच खोटे बॅन्जो घेऊन विनिपेगला जातात.

८. आमचा संघ दहा गुणांनी मागे होता, मिनिटभर उरले होते, सामना गेलेलाच होता. तरी प्रशिक्षकाने फील्ड गोल का मारायला लावला?

मला सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच आहे आणि या आठवड्याचे सगळे मर्म त्याच्या उत्तरात आहे.

गुणतक्त्यात विजयाचे २ आणि बरोबरीचा १ गुण असतो. हंगामाअखेर दोन संघांचे गुण सारखे झाले, तर आधी कोणाचे विजय जास्त हे पाहतात. तेही सारखे असतील, तर त्या दोन संघांच्या आपसातल्या सामन्यांत कोण वरचढ ठरले ते पाहतात. तिथेही बरोबरी असेल, म्हणजे एकमेकांविरुद्धचे विजय सारखे असतील, तर आपसातल्या सामन्यांतले गुण बेरजेला घेतात: कोणी किती केले आणि किती दिले. क्रिकेटच्या स्पर्धेत नेट रन रेटवरून जसे एखाद्या संघाचे नशीब ठरते, तशीच ही गोष्ट आहे. फरक इतकाच की इथे सगळ्या हंगामाचा नव्हे, बरोबरीत असलेल्या संघांच्या आपसातल्या सामन्यांचाच हिशेब आधी होतो.

आता एक काल्पनिक आकडेमोड करून पाहा. समजा पाहुणा संघ २४–१४ असा मागे आहे आणि एक मिनिट उरले आहे. त्याने फील्ड गोल मारला. सामना २४–१७ असा संपला. पराभव तो पराभवच; पण तूट दहावरून सातवर आली. पुढच्या आठवड्यात आपल्या मैदानावर हाच संघ आठ गुणांनी जिंकला, तर दोघांचा एकेक विजय आणि गुणांच्या बेरजेत हा संघ एका गुणाने पुढे. ते तीन गुण घेतले नसते, तर आठ गुणांनी जिंकूनही तो दोन गुणांनी मागे राहिला असता. नोव्हेंबरमध्ये घरच्या मैदानावर बाद फेरीचा सामना खेळायचा की दुसऱ्याच्या गावी थंडीत जायचे, हे त्या 'निरर्थक' फील्ड गोलने ठरू शकते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. २०१४ मध्ये हॅमिल्टन आणि मॉन्ट्रियल या दोघांचेही नऊ विजय आणि नऊ पराभव झाले. साखळीतल्या अखेरच्या सामन्यात हॅमिल्टनला मॉन्ट्रियलविरुद्ध नुसते जिंकून भागणार नव्हते, पुरेशा फरकाने जिंकायचे होते. त्यांनी तो सामना २९–१५ असा जिंकला आणि पूर्व विभागात पहिला क्रमांक मिळवला.

म्हणून मागे पडलेल्या संघाच्या शेवटच्या तीन गुणांवर आणि पुढे असलेल्या संघाच्या शेवटच्या टचडाउनवर हसू नये. पुढे असलेला संघ वीस गुणांची आघाडी असूनही दोन गुणांची जोड घ्यायला जातो, तेव्हा समोरचे चाहते 'जखमेवर मीठ चोळले' म्हणून चिडतात. पण तो आपल्या नोव्हेंबरपर्यंतच्या हंगामाची नव्हे, तर पुढच्याच शनिवारची तरतूद करत असतो. मात्र एक अपवाद लक्षात घ्यावा: त्याच हंगामात त्या दोन संघांत तिसराही सामना असेल, तर विजयांची संख्या सहसा २–१ अशी होऊन गुणांच्या बेरजेपर्यंत वेळच येत नाही. चर्चेत उतरण्याआधी वेळापत्रकात दोघांच्या किती भेटी आहेत, ते पाहून घ्यावे.

९. सामना बरोबरीत सुटू शकतो का? जादा वेळेतले गुण वरच्या हिशेबात धरतात का?

साखळीत सामना बरोबरीत सुटू शकतो. जादा वेळेत दोन्ही संघांना प्रतिस्पर्ध्याच्या ३५ यार्ड रेषेपासून एकेक संधी मिळते आणि टचडाउन झाल्यास एका गुणाची सोपी जोड घेता येत नाही, दोन गुणांसाठीच जावे लागते. अशा दोन फेऱ्यांनंतरही गुण सारखे असतील, तर दोघांना तक्त्यात एकेक गुण मिळतो. बाद फेरीत मात्र निकाल लागेपर्यंत खेळतात. जादा वेळेतले गुण अंतिम गुणसंख्येतच असतात, त्यामुळे प्रश्न ८ मधल्या बेरजेतही ते येतात.

बरोबरीचा एक परिणाम पटकन ध्यानात येत नाही. दहा विजय आणि आठ पराभव म्हणजे २० गुण. नऊ विजय, सात पराभव आणि दोन बरोबरी म्हणजेही २० गुण. पहिली कसोटी विजयांच्या संख्येची असल्याने दहा विजयांचा संघ वर राहतो.

१०. दोनऐवजी तीन संघांचे गुण सारखे झाले तर?

मग त्या तिघांच्या आपसातल्या सर्व सामन्यांचा मिळून एकच तक्ता मांडतात. त्यामुळे 'आम्ही त्यांना दोनदा हरवले आहे, आम्हीच वर' हे दोन संघांच्या बाबतीत अचूक असलेले विधान तिसरा संघ आत आला की कोसळू शकते. कारण तुम्हाला त्या तिसऱ्याने दोनदा हरवलेले असते.

११. पश्चिमेतला चौथा संघ पूर्वेच्या बाद फेरीत कसा खेळतो?

याला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. पश्चिम विभागात पाच संघ आहेत, पूर्वेत चार. प्रत्येक विभागातले पहिले तीन बाद फेरीत जातात. पहिल्याला थेट विभागाची अंतिम फेरी मिळते, दुसरा तिसऱ्याला घरी बोलावतो. पण एका विभागातल्या चौथ्या संघाचे गुण दुसऱ्या विभागातल्या तिसऱ्यापेक्षा जास्त असतील, तर तो चौथा संघ सीमा ओलांडून त्याची जागा घेतो. येथे खुबी अशी की, गुण जास्तच हवेत. सारखे असतील तर आपल्या विभागातला तिसरा संघ जागा राखतो, प्रश्न ८ मधल्या कसोट्या येथे लागत नाहीत.

२०२५ मध्ये विनिपेगने दहा सामने जिंकूनही पश्चिमेत चौथा क्रमांक पटकावला आणि पूर्वेत जाऊन मॉन्ट्रियलशी खेळले व हरले. असे ओलांडून गेलेल्या एकाही संघाला २०२५ पर्यंत ग्रे कप जिंकता आलेला नाही. कामगार दिनाच्या आठवड्यात तक्ता पाहताना म्हणूनच दोन्ही विभाग शेजारी ठेवून पाहावेत.

१२. तीन मिनिटे उरली आणि नऊ गुणांची आघाडी असली, तरी कोणी जागेवरून का उठत नाही?

प्रत्येक अर्ध्याच्या शेवटची तीन मिनिटे सुरू होताना पंच तशी सूचना देतात आणि त्यानंतर प्रत्येक चालीअंती घड्याळ थांबते. तीनच डाउन असल्यामुळे आघाडीवरच्या संघाला चेंडू कवटाळून वेळ काढता येत नाही. त्यात रेजायनाचा वारा. चौथ्या भागात तो पाठीशी असेल तर पन्नास यार्डांची लाथ सहज जाते आणि तोंडावर असेल तर पस्तीस यार्डांचीही शाश्वती नसते. खेळाच्या आधी किकर हातमोज्याचा दोरा हवेत सोडून पाहतो; खांबांच्या टोकाला बांधलेल्या फिती कुठे उडतात, याकडे माझ्या रांगेतले अनुभवी प्रेक्षक पूर्ण सामनाभर एक डोळा ठेवून असतात.

१३. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, जखमी झाला की 'सहा सामन्यांची यादी' म्हणतात, ती काय असते?

खेळाडू साधारण सहा सामने परतणार नाही असे संघाला वाटले, तर त्याला त्या यादीत टाकतात आणि तेवढा काळ त्याचा पगार संघाच्या पगारमर्यादेत धरला जात नाही. एका सामन्याच्या यादीत ठेवले असेल, तर परतभेटीत तो दिसण्याची आशा धरावी. कामगार दिनानंतर दोन-तीन दिवसांनी जाहीर होणारे जखमींचे अहवाल त्यासाठीच वाचायचे असतात.

१४. सस्कॅचेवनचे चाहते डोक्यावर कलिंगड का घालतात? आणि त्यांना 'तेरावा खेळाडू' म्हणावे की म्हणू नये?

संघाचा रंग हिरवा आहे आणि कलिंगडही हिरवे. यापेक्षा खोल कारण शोधण्याची गरज मला कधी वाटली नाही. माझ्या पहिल्या वर्षी शेजारच्या आजोबांनी मला अंगणात बसवून ते कसे करायचे ते दाखवले. मध्यम आकाराचे फळ निम्म्याहून थोडे वर कापायचे, मोठ्या चमच्याने लाल गर पांढऱ्या सालीपर्यंत खरवडून काढायचा, आतून कागदी रुमालांचा जाड थर द्यायचा आणि कपाळावर येईल तेथे कड तिरपी तासायची, म्हणजे समोरचे दिसते. थर पातळ राहिला तर दुसऱ्या भागापर्यंत रस मानेवरून सदऱ्यात उतरतो आणि सप्टेंबरच्या उन्हात गांधीलमाश्या मागे लागतात. काढलेला गर ताटात मीठ लावून सगळ्या गल्लीने खाल्ला होता.

'तेरावा खेळाडू' हे या चाहत्यांचे जुने अभिमानाचे नाव: बारा मैदानात, तेरावा प्रेक्षागृहात. पण २००९ च्या ग्रे कप सामन्यात कॅलगरीत मॉन्ट्रियलचा शेवटचा फील्ड गोल चुकला आणि सस्कॅचेवन जिंकले असे वाटले, तोच पंचांनी नारिंगी झेंडा दाखवला: मैदानात बाराऐवजी तेरा खेळाडू उभे होते. मॉन्ट्रियलला दहा यार्ड जवळून पुन्हा लाथ मिळाली, ती खांबांमधून गेली आणि सामना २८–२७ असा गेला. तेव्हापासून हे शब्द जपून उच्चारावेत. २०१३ आणि २०२५ च्या विजेतेपदांनी, विशेषतः विनिपेगच्याच मैदानावर मॉन्ट्रियललाच २५–१७ असे हरवून मिळवलेल्या दुसऱ्याने, ती जखम बरीच भरली आहे; तरीही अनोळखी माणसाकडे हा विषय आपण होऊन काढू नये.

१५. नियम बदलणार आहेत असे ऐकतो. मग हे सगळे हिशेब मोडीत निघणार का?

सप्टेंबर २०२५ मध्ये लीगचे आयुक्त स्टुअर्ट जॉन्स्टन यांनी बदल जाहीर केले. २०२६ पासून चेंडू स्वीकारणाऱ्याच्या हाती न येता एन्ड झोनमधून निघून गेलेल्या लाथेला रूज मिळणार नाही. तो तिथे अडवला गेला किंवा त्याने गुडघा टेकला, तरच एक गुण राहील. पंचांच्या शिट्टीनंतर चाल सुरू करण्यासाठी असलेल्या २० सेकंदांऐवजी, चाल संपताच आपोआप सुरू होणारे ३५ सेकंदांचे घड्याळ येईल. २०२७ पासून मैदान १०० यार्डांचे आणि एन्ड झोन २० ऐवजी १५ यार्डांचे करण्याचे आणि गोलचे खांब एन्ड झोनच्या मागच्या रेषेवर नेण्याचे ठरले आहे. तीन डाउन, बारा खेळाडू आणि मैदानाची रुंदी यांना हात लावलेला नाही. खेळाडूंपैकी बीसी लायन्सचा क्वार्टरबॅक नेथन रोर्क याने या बदलांवर उघड टीका केली.

बरोबरी सोडवण्याचे प्रश्न ८ मधले गणित या घोषणेने बदललेले नाही. फक्त त्या गणितात एकेक गुण भरणाऱ्या लाथा कमी होतील. खांब मागे नेल्याने टचडाउन वाढतील, हा लीगचा तर्क मला समजतो. मैदान आखडण्याचे कारण मात्र मला पटलेले नाही. रेजायनात मोझॅक स्टेडियमच्या वरच्या रांगेतून पाहिले की मध्यरेषेवर ५५ हा आकडा दिसतो. जगात दुसऱ्या कोणत्याही मोठ्या लीगच्या मैदानावर तो आकडा नाही; तो गेला याचे मला मनापासून दुःख होईल.

१६. मी नवा आहे, कोणताच संघ माझा नाही. कोणाच्या बाजूने बोलावे?

ज्या शहरात भाडे भरता, त्या शहराच्या. सस्कॅचेवन आणि विनिपेगचे संघ कोणा एका धनिकाचे नसून लोकांच्या मालकीचे आहेत, त्यामुळे तिथे तर प्रश्नच येत नाही. हॅमिल्टनमध्ये असाल, तर 'ऑस्की वी वी' ही आरोळी आधी पाठ करावी. अर्थ विचारू नये, सगळ्यांसोबत ओरडावे. हरलेल्या संघाच्या चाहत्याशी पहिल्या दिवशी हवामानाविषयी बोलावे, दुसऱ्या दिवशी पंचांविषयी, आणि तिसऱ्या दिवशी तो स्वतःच परतभेटीचा विषय काढतो.

१७. विनिपेगहून रेजायनाला सामन्यासाठी गाडीने जायचे आहे. किती वाजता निघावे?

ट्रान्स-कॅनडा महामार्गाने सुमारे सहा तास लागतात, शिवाय थांबे. प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे उन्हाळ्यात प्रांताची सीमा ओलांडताच घड्याळ तासभर मागे जाते, त्यामुळे सकाळी ८ ला निघालेला माणूस रेजायनात दुपारी १ च्या सुमारास पोहोचतो आणि स्टेडियमबाहेरच्या गर्दीत मिसळायला त्याला पुरेसा वेळ राहतो. परतताना तोच तास कापला जातो. रात्री सामना संपल्यावर निघण्याचा हट्ट धरू नये. रस्त्यावर हरणे येतात, आणि सोमवारची सुट्टी आहेच. सकाळी न्याहारी करून निघालात, तर हॅमिल्टनचा सामना वाटेत रेडिओवर ऐकता येतो.